शांतवनची काठी

माझा भाऊ ‘प’ला अडायचा.
‘पाणी’ म्हणायला त्याला घोटभर वेळ लागे.
म्हणून त्या रात्री कृष्णाघाटाच्या वस्तीत
दारं त्यानं ठोठावली आणि बोलले मी.
मी थोरली. मिशन दवाखान्यात तीस वर्षं आया,
ओरडायची सवय होती.

रेडिओवर आयर्विन पुलाचे फूट सांगत होते.
त्रेचाळीस. लोक म्हणाले, पंचेचाळीसला बघू.
मी म्हणाले, हा म्हणतोय, आत्ता निघा.
त्यानं तर तोंडही उघडलं नव्हतं.

शब्बाथशाळेत मोशेची गोष्ट तोच शिकवायचा,
फळ्यावर चित्रं काढून, बोलणं वाचवत:
समुद्राच्या दोन भिंती, मधून कोरडी वाट.
आमच्यासाठी काही दुभंगलं नाही.
पाणी मांडीला, मग कमरेला,
शेळ्या, गॅसची टाकी, हलीमाबीची आंधळी सासू,
आणि पुढं तो, वेळूची काठी टेकत,
खड्डा कुठं, गटार कुठं, पायानं वाचत.
शाळेच्या पायऱ्यांवर त्यानं माणसं मोजली.
एकशे चौदा.

संदेष्टा म्हणजे पुढचं सांगणारा, असं म्हणतात.
मी पाहिलेला तरी निरोप्या होता.
वरचं खाली न्यायचा, खालचं वर,
आणि दोन्ही उंबऱ्यांवर शिव्या खायचा.

तिसऱ्या दिवशी कुरकुर सुरू.
रोज खिचडीच. मीठ कमी.
वस्तीत निदान सुकट-भाकरी होती, सगुणा म्हणाली,
जणू वस्ती अजून तिथंच होती, चूल पेटवून.

तो तहसीलला गेला, जागा मागायला,
मला न नेता, सगळं कागदावर लिहून.
आणि मागं माझ्या हातून झालं ते झालं:
कुणा दादांची माणसं साखरेची पोती घेऊन आली,
फाटकावर सोनेरी कडेचा फलक बांधू लागली,
वर हसरं तोंड, खाली आम्ही, हात जोडलेले.
मी म्हणाले, बांधा. पोरांना चहा तरी गोड मिळेल.
परतल्यावर शांतवननं फलक बघितला, मग मला.
हातातला कागद फाडला नाही.
घडी घालून खिशात ठेवला.
त्या घडीचा आवाज मला अजून येतो.

सगळीकडं पाणी, प्यायला थेंब नाही.
सहाव्या दिवशी टँकर आला. चालक म्हणाला,
साहेबांच्या सहीशिवाय तोटी उघडायची नाही.
आणि सगळे तुटून पडले, चालकावर नव्हे, भावावर:
कशाला बाहेर काढलंस आम्हाला?
त्यानं तोंड उघडलं. ‘प’ आला नाही.
काठी पडली तोटीवर. एकदा.
पुन्हा एकदा.
पाणी धो धो सुटलं, घागरी धावल्या.
त्याच्याकडं कुणी बघितलं नाही,
फक्त चालकानं नाव लिहून घेतलं.

जागा मिळाली. रुळांपलीकडं, उंचावर, एकतीस घरं.
यादी शाळेच्या भिंतीला लागली.
सरकारी मालमत्तेचं नुकसान, म्हणून एक नाव वगळलेलं.
कचेरीत मी गळा फाटेस्तोवर ओरडले.
तो म्हणाला, “आक्का, राहू दे. घरं तर झाली.”

चाव्या वाटल्या त्या दिवशी
तो स्टेशनच्या पादचारी पुलावर उभा राहिला.
तिथून पत्रे दिसतात, दुपारी चमकतात.
ये की खाली, मी म्हणाले. त्यानं मान हलवली.
त्याच थंडीत तापानं गेला,
घाटाजवळच्या भाड्याच्या खोलीत.

पुढच्या पुरात दफनभूमीतले क्रूस वाहून गेले.
त्याची जागा नक्की कुठली,
आता मलाही दाखवता येत नाही.

मला घर अकरावं.
काठी आहे. मधोमध तडा गेलाय,
तिच्यावर मी लुगडी वाळत घालते.
सकाळी नळ आला की लोक माझ्या दारात येतात:
आक्का, दाब कमी आहे, कुणाला तरी सांगा.
मी चप्पल शोधते.